डागाचे कारण

आमच्या अभ्यासिकेत शब्दकोश आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्यामधला एक खण विमानांसाठी राखलेला आहे. लढाऊ जेट विमानांच्या अकरा प्रतिकृती तेथे दाटीवाटीने उभ्या आहेत. घरी येणारी मंडळी बहुधा साहित्याच्या व्यवहारातली. त्यांची नजर पुस्तकांवरून सरकत त्या खणापाशी येते, अडखळते आणि "नातवाची वाटतं?" असा प्रश्न येतो. नातू अद्याप नाही, विमाने आमचीच आहेत, हे सांगताना आम्ही गेली पंधरा वर्षे थोडे ओशाळत आलो आहोत. दिवसा विद्यार्थ्यांना वाङ्मयीन वास्तववाद शिकवावा आणि रात्री प्लास्टिकच्या विमानाच्या पोटावर तेलाचा ओघळ काढत बसावे, यात पाहणाऱ्याला विसंगती दिसत असणार. आम्हांला मात्र ही दोन्ही कामे मुळात एकच आहेत असे अगदी अलीकडेपर्यंत वाटत होते. त्या समजुतीला धक्का कसा बसला, त्याची ही हकिकत.

प्रथम या छंदाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. किटच्या खोक्यातून निघतात ते करड्या प्लास्टिकचे सुटे भाग. ते चौकटीतून कापायचे, घासायचे, जोडायचे आणि विमान उभे करायचे. आमचे प्रमाण १/७२, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तो आमचा एक इंच. मिग-२१ या विमानाच्या पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार सात मीटर पंधरा सेंटिमीटर. आमच्या टेबलावर तो दहा सेंटिमीटरही भरत नाही. जोडणी तीन-चार संध्याकाळींत उरकते. खरे काम त्यानंतरचे, ते म्हणजे रंगाचे.

प्रायमरचा हात देऊन झाला की पोटाला फिकट निळसर करडा रंग द्यायचा, मग पाठीवर तपकिरी, आणि तो नीट वाळल्यावर त्यावर हिरव्याचे नागमोडी पट्टे. हा झाला कॅमोफ्लाज. दोन रंगांच्या सीमेवर चिकटमातीच्या बारीक वळ्या बसवतात, झाकायचा भाग कागदी टेपने झाकतात आणि एअरब्रशने रंग फवारतात. वळी गोल असल्यामुळे तिच्या कडेखाली रंग किंचित शिरतो आणि सीमा धूसर होते. ती किती धूसर व्हावी, हा कळीचा प्रश्न. खऱ्या विमानावर फवाऱ्याची कड पाच सेंटिमीटर धूसर असेल, तर आमच्याकडे ती एक मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. रंग दुधाइतका पातळ हवा, दाब कमी हवा आणि हात स्थिर हवा. रंगाच्या छटेलाही मापाचा नियम लागतो. लहान विमान पाहणे म्हणजे खरे विमान दुरून पाहणे; आणि दूरची टेकडी जशी फिकट दिसते, तसेच दूरचे विमानही. म्हणून डबीतला अधिकृत हिरवा रंग जसाच्या तसा दिला तर तो काळवंडलेला वाटतो. त्यात पांढऱ्याचे दोन-चार थेंब घालावे लागतात. किती, हे डबीवर लिहिलेले नसते.

कॅमोफ्लाजचा इतिहास साहित्य-कलांच्या अभ्यासकांनी वाचण्यासारखा आहे, कारण त्याच्या आरंभीच एक चित्रकार उभा आहे. ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मध्ये असे दाखवून दिले की, बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते ते उगीच नव्हे. वरून पडणारा उजेड पाठ उजळवतो, पोटाला सावलीत टाकतो, आणि त्यामुळे वस्तूला गोलाई येते. निसर्ग याच्या नेमके उलट रंगवतो आणि ती गोलाई पुसून टाकतो. चित्रकार आयुष्यभर सपाट कागदावर गोलाई निर्माण करण्याची साधना करतो, म्हणूनच बहुधा ती नाहीशी करण्याची युक्तीही त्यालाच दिसली. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये कॅमोफ्लाजसाठी स्वतंत्र पथक उभारले, तेव्हा त्यात चित्रकारांचाच भरणा केला. गडद पाठ आणि फिकट पोट हे सूत्र पुढे लढाऊ विमानांनीही उचलले. त्याला जोड मिळाली ती आकार तोडणाऱ्या पट्ट्यांची. व्हिएतनामवर उडणाऱ्या अमेरिकी विमानांच्या पाठीवर एक वाळूचा आणि दोन हिरवे रंग असत. ते पाहणाऱ्याच्या डोळ्याला विमानाची बाह्यरेषा सापडू देत नसत.

आमच्या छंदातला उपरोध येथूनच सुरू होतो. जो रंग दिसू नये म्हणून दिला गेला, तो नीट दिसावा म्हणून आम्ही पांढऱ्या खणात दिव्याखाली मांडतो. भारतीय हवाई दलाच्या सुरुवातीच्या मिग-२१ विमानांचे अंग उघड्या धातूचे, चंदेरी होते. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांवर घाईघाईने हिरवे-तपकिरी रंग चढवले गेले, आणि ही कामे जागोजागी झाल्यामुळे त्यांत विलक्षण विविधता आली. प्रतिकृती करणाऱ्यांना ही विमाने म्हणजे पर्वणी वाटते. घाई, भीती आणि हाताशी असेल तो रंग यांतून जे निपजले, ते आम्ही पन्नास वर्षांनी आठ-आठ दिवस लावून, भिंगातून पाहत, निवांतपणे उतरवतो.

दुसरा उपरोध वेदरिंगचा. वेदरिंग म्हणजे नव्या कोऱ्या प्रतिकृतीला वापरलेपण देणे. त्याची पद्धत ठरलेली आहे. प्रथम तकतकीत वॉर्निश आणि त्यावर चिन्हांची डिकल. मग काळपट तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांवर ब्रशचे टोक टेकवायचे; रंग आपोआप रेषेतून धावत जातो. त्यानंतर पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या ऑइल कलरचे ठिपके देऊन ते ओलसर ब्रशने ओढायचे, म्हणजे उन्हाने रंग विटल्यासारखा दिसतो. स्पंजच्या कपच्याने चंदेरी टवके काढायचे. काही जण ओल्या पृष्ठभागावर मिठाचे खडे चिकटवून वर रंग फवारतात आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकतात. शेवटी काळ्या खडूची पूड धुरांड्यामागे चोळायची आणि सगळ्यावर मॅट वॉर्निशचा हात द्यायचा. तळावरचे कर्मचारी जो मळ काढण्यासाठी राबत असतात, तो आम्ही परिश्रमपूर्वक परत लावतो.

या कलेत हात सैल सुटण्याचा धोका फार असतो. १/७२ च्या प्रमाणात एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचे उघडे भगदाड. अशी दहा-बारा भगदाडे पाडून आम्ही आमची पहिली तीन विमाने सजवली होती. ती आता खणाच्या मागच्या रांगेत असतात. नवशिक्या ग्रामीण कथालेखकाच्या प्रत्येक वाक्यात जशी बोली ठासून भरलेली असते, तसा त्यांचा प्रत्येक इंच मळलेला आहे. पुढे आम्ही सावरलो. निदान सावरलो असे समजत होतो.

समजण्याला आधारही होता. रोलाँ बार्थ यांनी १९६८ मध्ये लिहिलेला वास्तवाच्या परिणामावरचा निबंध आम्ही दरवर्षी वर्गात शिकवत असू. फ्लोबेरच्या कथेतल्या दिवाणखान्यात पियानोवर एक वायुभारमापक आहे. कथानकाला त्याचा काही उपयोग नाही. मग तो तेथे का? बार्थ यांचे उत्तर असे की, असा निरुपयोगी तपशील 'आम्ही वास्तव आहोत' एवढेच सांगत असतो. आमचा तेलाचा ओघळ म्हणजे तोच वायुभारमापक, असे आम्ही विद्यार्थ्यांना गमतीने सांगत असू. कथालेखनाच्या तासाला आमचा आवडता सल्लाही त्यातूनच आला होता. गरिबी आहे असे लिहू नका, कान तुटलेला कप दाखवा. त्या वर्षांत आमच्या हाताखालून गेलेल्या कथांमध्ये किती कपांचे कान तुटले, याची गणती नाही.

आता अण्णांविषयी. आमचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात रंगखात्यात होते. सोव्हिएत परवान्याने मिग-२१ बनवण्यासाठी १९६४ मध्ये हा कारखाना नाशिकजवळ उभा राहिला, आणि गावाचे नाव पंचक्रोशीच्या तोंडी 'ओझर मिग' असेच झाले. पुढच्या दोन दशकांत देशात साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ तयार झाली; एफएल, मग एम, मग बिस. आमचे बालपण त्यांच्या आवाजात गेले. अण्णा संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना थिनरचा वास असे आणि नखांच्या कडांना कधी हिरवा, कधी करडा रंग. घरी ते कामाविषयी बोलत नसत. कारखान्याची शिस्त तशी होती आणि त्यांचा स्वभावही. आमच्या छंदाकडेही त्यांनी कधी फारसे लक्ष दिले नाही, एकदाच "एवढा महाग ब्रश?" असे विचारले होते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ समारंभपूर्वक निवृत्त झाले. १९६३ मध्ये ते हवाई दलात आले होते; बासष्ट वर्षे झाली. वयाची ऐंशी उलटलेले अण्णा तो समारंभ दूरचित्रवाणीवर पाहत होते. अखेरच्या काळातली ती बायसन विमाने अंगभर राखाडी होती. अण्णा एवढेच म्हणाले, "आमच्या वेळी हिरवं असायचं." हे वाक्य आम्ही मनात धरले आणि त्यांना देण्यासाठी हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजमधले एक मिग-२१ बिस करायला घेतले. सव्वा महिना त्यावर घालवला. आमच्या हातून उतरलेले ते सर्वांत देखणे काम होते, हे आजही आम्ही म्हणू. पाठीवरचा हिरवा उन्हाने विटलेला, तोफेच्या नळ्यांमागे काजळी, पंखाच्या मुळाशी पायांनी घासलेला रंग, आणि कण्याजवळून पंखावर तिरका उतरत गेलेला एक तेलकट ओघळ. तो ओघळ काढायला दोन रात्री लागल्या होत्या.

अण्णांनी विमान हातात घेतले, खिडकीपाशी गेले आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. मग त्या ओघळावर नख टेकवून त्यांनी विचारले, "हा डाग कशाचा रे?"

आम्ही म्हणालो, तेलाचा.

"तेल इथं येतं कुठून?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. अण्णांच्या आवाजात टीका नव्हती; कामाच्या जागी सहकाऱ्याला विचारावे तसे ते विचारत होते. "उभ्या विमानावरचा ओघळ खाली येतो. उडत्या विमानावरचा मागे जातो. हा तिरका कुठं चाललाय?"

तो ओघळ तेथे होता, कारण तेथे हिरव्याचा मोठा सलग भाग आला होता आणि डोळ्याला काहीतरी हवे होते. हे कारण त्यांना सांगण्याची आम्हांला लाज वाटली. त्यांनी मग एकेक जागा तपासली. कॉकपिटच्या डाव्या बाजूला आम्ही रंग थोडा उडवला होता. तेथे ते थांबले. "इथं शिडी टेकते. हे बरोबर आहे." तोफेच्या काजळीवर त्यांनी विचारले, "हे नुकतंच तोफ चालवून आलंय का?" पंखाच्या मुळाशी घासलेला रंग पाहून ते म्हणाले, "पाय पडतो, पण एवढा नाही. पोरं जपून चालायची." तासाभराने आमच्या वेदरिंगमधल्या तीन खुणा शिल्लक राहिल्या. बाकीच्या सगळ्या वायुभारमापक होत्या.

हे त्यांना कसे ठाऊक, असे आम्ही विचारले. आमची समजूत अशी होती की, अण्णांनी केवळ नवी विमाने रंगवली. तेव्हा कळले की नोकरीची उत्तरार्धातली बरीच वर्षे ते ओव्हरहॉलसाठी परत येणाऱ्या विमानांवर होते. ठरावीक तास उडालेले विमान ओझरला परत येई, त्याचा जुना रंग पूर्ण उतरवला जाई आणि तपासणी-दुरुस्तीनंतर नवा चढे. "रंग काढायच्या आधी मी एकदा सगळीकडून फिरून बघायचो," ते म्हणाले. "कुणी कसं वापरलं ते दिसतं." राजस्थानात उत्तरलाई किंवा नालच्या तळावर राहिलेल्या विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडा वाळूने घासलेल्या असत आणि पाठ विटलेली. आसामात तेजपूरच्या पावसातून आलेल्या विमानाच्या सांध्यांत काळा मळ बसलेला असे. एखाद्या झाकणाभोवती रंगाचे टवके उडालेले दिसले की ते झाकण वारंवार उघडावे लागले आहे, म्हणजे आत काहीतरी सतावत होते, हे कळे. आम्ही ज्याला पोत म्हणत होतो, त्याचे अण्णा वाचक होते. वाचून झाले की ते त्यावर रसायन फासून तो मजकूर पुसून टाकत, कारण तेच त्यांचे काम होते.

मग ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "परत आलं तेच जुनं झालं."

हे वाक्य त्यांनी काही सिद्धान्त म्हणून उच्चारले नाही. पण आमच्या डोळ्यांसमोर लहानपणीची एक सवय उभी राहिली. वर्तमानपत्रात मिग कोसळल्याची बातमी आली की अण्णा ती दोनदा वाचत. बातमीत वैमानिकाचे नाव असे, वय असे, गाव असे. विमानाचा क्रमांक नसे. विमानाच्या शेपटीकडे इंग्रजी सी अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले कित्येक अण्णांच्या हातचे होते. ते काय शोधत होते, हे आम्हांला त्या दुपारी उमगले. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक तोवर अपघातांत गेली होती आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. या अपघातांची कारणे अनेक आहेत आणि त्यांचा हिशेब मांडण्याचा अधिकार आमचा नाही. अण्णांनीही तो कधी मांडला नाही. त्यांचा हिशेब साधा होता: आपल्या हाताखालून गेलेला कोणता क्रमांक पुन्हा दारात आला, आणि कोणता आला नाही.

त्यानंतरचे काही दिवस आम्ही टेबलाशी बसलो नाही. वेदरिंग आम्हांला आवडत होते ते जुनेपण देखणे दिसते म्हणून. विटलेला रंग, उडालेले टवके, काजळी. यांत आम्हांला एक करुण सौंदर्य दिसत होते, आणि त्याला आम्ही वास्तव म्हणत होतो. पण विमानाला जुने होण्यासाठी प्रत्येक वेळी उतरावे लागते. पंखाच्या कडेवरचा प्रत्येक ओरखडा म्हणजे एक माणूस सुखरूप परत आल्याची नोंद असते. ती नोंद आम्ही स्पंजच्या कपच्याने, डोळ्याला बरे दिसेल तेथे, हव्या तितक्या वेळा करत होतो. यात फसवणूक होती असे आम्ही म्हणणार नाही. खेळणे हे खेळणेच असते. परंतु ज्या तपशिलामागे काहीच घडलेले नाही, त्याला वास्तववाद म्हणून शिकवण्याची चूक मात्र घडली होती. बार्थ चुकले असेही आम्हांला वाटत नाही. ते वाचकावर होणाऱ्या परिणामाविषयी बोलत होते. आम्ही ते लिहिणाऱ्याला दिलेला परवाना समजलो.

कथालेखनाच्या तासाला आता आम्ही कप दाखवा असे सांगत नाही. एखाद्या कथेत कान तुटलेला कप आलाच तर तो कोणी आणि केव्हा फोडला, असे विचारतो. उत्तर कथेत आले पाहिजे असा आग्रह नसतो. लेखकाला मात्र ते ठाऊक असावे लागते. निम्म्या वेळा कप कथेतून जातो. उरलेल्या वेळा, असा आमचा अनुभव आहे, त्या कपाच्या मागून घरातले एखादे माणूस कथेत येते.

अण्णांनी ते विमान आम्हांला परत दिले आणि दुसरे करायला सांगितले. आम्ही विचारले, नवे कोरे करू का, रंगखात्यातून निघते तसे? त्यांनी मान हलवली. नको. त्यांना जुनेच हवे होते, पण एका विशिष्ट क्रमांकाचे. तो क्रमांक त्यांनी कागदावर न लिहिता सांगितला. ते विमान दोनदा ओव्हरहॉलला आले होते, असे त्यांना आठवत होते. आमच्या कोणत्याही तयार डिकलवर तो क्रमांक नव्हता. वेगवेगळ्या पत्र्यांवरचे आकडे कापून तो जुळवावा लागला. खुणा किती आणि कोठे, हे अण्णांनी शेजारी खुर्ची टाकून सांगितले. शिडीची जागा. पंखांच्या पुढच्या कडा, बारीक, जेमतेम दिसतील अशा. पोटाखाली एक ओघळ, सरळ खाली. आणि कण्यावरच्या एका लहान झाकणाभोवती उडालेला रंग. हे कशाचे, असे आम्ही विचारले. "ते सारखं उघडायला लागायचं," ते म्हणाले. चार खुणा झाल्यावर आम्ही सवयीने स्पंज पुन्हा उचलला, तेव्हा त्यांनी आमचा हात धरून खाली ठेवला.

ते विमान आता त्यांच्या खोलीत, औषधांच्या डब्याशेजारी आहे. परवा कोणीतरी त्यांना विचारले, हे इतके साधे का, मुलाकडे तर किती सुंदर विमाने आहेत. अण्णांनी त्या गृहस्थांना भिंग दिले आणि शेपटीजवळचा क्रमांक दाखवला.

"हे परत आलं होतं," ते म्हणाले.